बत्तीस किलोंचा आवाज

गिटार हे वाद्य तसं सुटसुटीत. खांद्याला अडकवावं आणि बसमध्ये चढावं. पण विजेवरची गिटार एकटी कधी घराबाहेर पडत नाही. तिच्यामागून तिचा अ‍ॅम्प्लिफायर निघतो, आणि तो कुणाच्याच खांद्यावर बसत नाही. गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळी अशा निमित्ताने आपल्याकडे गाण्यांचे कार्यक्रम होतात, तेव्हा पेटीवाले आपली पेटी घेऊन येतात, तबलजी दोन पिशव्या घेऊन येतात, आणि गिटारवाला कार पार्कमध्ये "जरा हात लावता का?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत उभा असतो.

आमच्या वाद्यवृंदातले एक ज्येष्ठ वादक गेल्या वर्षीपासून येईनासे झाले. बोटं अजून उत्तम चालतात. कंबर चालत नाही. वाजवणं जमतं, उचलणं जमत नाही, आणि दर वेळी दुसऱ्याला हाक मारायचा त्यांना संकोच वाटतो. त्यावरून आमच्यात हलका अ‍ॅम्प्लिफायर घ्यायची चर्चा सुरू झाली आणि लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, व्हॉल्व्हचा जड अ‍ॅम्प तोच खरा, बाकी सगळी खेळणी. दुसऱ्याचं म्हणणं, जो सर्वांत हलका तो घ्या आणि विषय संपवा. मी इंजिनिअर आहे म्हणून दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. निवाडा देण्याआधी मला एक साधा प्रश्न पडला: हे वजन मुळात आलं कुठून? त्याचा शोध घेता घेता जो इतिहास हाती लागला तो बराचसा आपल्या आसपास घडलेला आहे. साउथॉलला भाजी आणायला जाताना आपण त्याच्या शेजारून जातो.

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र आणि स्पीकर एकाच खोक्यात असले की त्याला 'कॉम्बो' म्हणतात. खोकं वेगळं आणि यंत्र वेगळं असाही प्रकार असतो, तो पुढे येईलच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलर नव्हते. १९५१ पासून १९५९ पर्यंत अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर इथे बंदी होती. आपल्याला ही परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही. १९९१ पूर्वीच्या भारतात 'इंपोर्टेड' या शब्दाला जो मान होता तोच इथे 'अमेरिकन' या शब्दाला होता. बाहेरचं मिळत नाही म्हटल्यावर घरच्या माणसांनी डोकं चालवलं. केंटमधल्या डार्टफर्डला टॉम जेनिंग्ज नावाचे गृहस्थ ऑर्गन आणि अकॉर्डियनचा धंदा करत होते. त्यांच्याकडे डिक डेनी हे तंत्रज्ञ आले, स्वतः गिटार वाजवणारे. या दोघांनी १९५८ साली 'व्हॉक्स एसी-१५' हा पंधरा वॅटचा कॉम्बो बाजारात आणला. पंधरा वॅट म्हणजे आपल्या टेबलावरच्या दिव्याइतकी वीज. पण तेवढ्यात नाचाच्या हॉलचं काम भागत असे.

पुढच्याच वर्षी ते भागेनासं झालं. क्लिफ रिचर्ड आणि त्यांचा साथीचा संच 'द शॅडोज' यांच्या कार्यक्रमांत मुली इतक्या किंचाळत, की वादकांना स्वतःचं वाजवणं ऐकू येईना. हवाल्यासाठी म्हणून सांगतो, शॅडोजची १९६० सालची 'अपाची' ही नुसत्या वाद्यांची धून इथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती; त्यावरून त्यांच्या लोकप्रियतेची कल्पना यावी. त्यांनी जास्त आवाज मागितला. १९५९ मध्ये एसी-३० आला: दोनाऐवजी चार ईएल-८४ व्हॉल्व्ह, तीस वॅट, आणि सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची दोन स्पीकर.

दोन स्पीकरचा एसी-३० आजही विकला जातो. त्याचं वजन ३२ किलोंच्या थोडं वर आहे. हा आकडा आपल्या परिचयाचा आहे. भारतात जाताना एका बॅगेला सहसा २३ किलो मिळतात, आणि बॅग ३२ च्या पुढे गेली की जादा पैसे देऊनही बहुतेक विमान कंपन्या ती घेत नाहीत, कारण उचलणाऱ्याच्या पाठीचा प्रश्न असतो. इथे माल उचलण्याच्या कामाबद्दलचे नियम १९९२ साली झाले आणि १ जानेवारी १९९३ पासून लागू झाले. त्यांच्याबरोबरच्या मार्गदर्शनात पुरुषाने कंबरेच्या उंचीवर, अंगाशी धरून उचलण्यासाठी २५ किलो आणि बाईसाठी १६ किलो हा आकडा दिलेला आहे. ती कायद्याची मर्यादा नाही, त्यापुढे नीट विचार करा एवढाच तिचा अर्थ. पण आपल्या हॉलमधला अरुंद जिना, हातात गिटार, वर पाऊस! विचार केलेलाच बरा.

आता हे बत्तीस किलो नक्की कशाचे? व्हॉल्व्ह स्वतः काचेचे, पोकळ, चार मिळून मूठभर वजनाचे. वजन आहे लोखंडाचं. एक ट्रान्सफॉर्मर भिंतीतली वीज व्हॉल्व्हला हव्या त्या तीनशेच्या वरच्या व्होल्टेजवर नेतो, दुसरा व्हॉल्व्हमधून निघालेला आवाज स्पीकरला मानवेल असा करून देतो. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. इथेही तितकीच, पुण्यातही तितकीच. ट्रान्सफॉर्मरचं काम विहिरीवरून पाणी आणण्यासारखं आहे. सेकंदाला पन्नासच खेपा मिळणार असतील तर प्रत्येक खेपेला हंडा लागतो, आणि इथे हंडा म्हणजे लोखंड. त्यात दोन स्पीकरची लोहचुंबकं मिळवा आणि हे सगळं पेलणारी जाड प्लायवूडची पेटी मिळवा.

वजनाचा दुसरा अध्याय हॅनवेलचा, म्हणजे साउथॉलच्या अगदी शेजारचा. जिम मार्शल हे ड्रम शिकवणारे गृहस्थ. त्यांनी १९६० साली ७६ अक्सब्रिज रोडवर वाद्यांचं दुकान काढलं. गिऱ्हाइकं अमेरिकन फेंडर अ‍ॅम्प मागत. बंदी उठली होती, पण किंमत परवडत नव्हती. केन ब्रॅन आणि अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या 'बेसमन'चा आराखडा पुढे ठेवून, इथे मिळणारे सुटे भाग वापरून १९६२ मध्ये मार्शलचा पहिला अ‍ॅम्प बनवला. १९६४ पर्यंत हेजला सिल्व्हरडेल रोडवर कारखाना उभा राहिला. नक्कल करायची, पण हाताशी असलेल्या मालात. त्यातून निघालेली चीज मुळापेक्षा वेगळी वाजते आणि मग तिचेच चाहते होतात. तपकीर गल्लीत मोठं झालेल्या कुठल्याही पुणेकराला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

१९६५ साली 'द हू'चे पीट टाउनशेंड मार्शलकडे शंभर वॅट मागायला आले, आणि एकाच पेटीत आठ स्पीकर हवेत म्हणाले. मार्शलनी ती पेटी करून दिली. ती उचलायला लागल्यावर सामान वाहणाऱ्या पोरांनी बंड केलं. टाउनशेंड परत आले, पेटीचे दोन तुकडे झाले, आणि चार स्पीकरच्या पेटीवर चार स्पीकरची पेटी असा तो सुप्रसिद्ध 'स्टॅक' जन्माला आला. रॉक संगीताची जी भव्य मूर्ती आपण पोस्टरवर पाहतो, ती हमालांच्या तक्रारीतून घडलेली आहे. त्याच सुमारास मार्शलनी दोन स्पीकरचा एक कॉम्बोही केला. एरिक क्लॅप्टनना गाडीच्या डिकीत मावणारा अ‍ॅम्प हवा होता म्हणून तो झाला असं सांगतात. त्याचा मॉडेल क्रमांक १९६२ आहे, आणि त्याला साल समजून घोटाळा करणारे पुष्कळ भेटतात. जॉन मेयॉलबरोबरच्या १९६६ च्या तबकडीवर क्लॅप्टननी तो वाजवला आणि तो अजरामर झाला. म्हणजे 'हलका, गाडीत मावणारा' ही मागणी साठ वर्षं जुनी आहे, हे आमच्या पहिल्या तटाने ध्यानात घ्यावं.

शंभर वॅटची गरज तरी का पडत होती? कारण तेव्हा गिटारचा आवाज प्रेक्षकांपर्यंत नेणारी दुसरी सोयच नव्हती. हॉलमध्ये जे काही माईक-स्पीकर असत ते गायकापुरते. गिटार ऐकू यायची तर गिटारवाल्याच्या पाठीमागच्या खोक्यातूनच, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत. १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्सनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,००० लोकांपुढे कार्यक्रम केला. त्यांच्याजवळ व्हॉक्सचे शंभर वॅटचे अ‍ॅम्प होते आणि गाणं गेलं स्टेडियमच्या सूचना देण्याच्या कर्ण्यांतून. ऐकू काय आलं असेल ते असो.

या प्रश्नाचं उत्तर दिलं ते चार्ली वॉटकिन्स यांनी. दक्षिण लंडनचे हे अकॉर्डियन वाजवणारे उद्योजक. ऑगस्ट १९६७ मध्ये विंडसरच्या जॅझ आणि ब्लूज महोत्सवात त्यांच्या 'वेम' कंपनीने एक हजार वॅटची ध्वनियंत्रणा लावली. अनेक अ‍ॅम्प एकमेकांना जोडून, सगळ्यांनी एकच आवाज वाहून न्यायचा, अशी ती रचना. १९६९ मध्ये हाइड पार्कमधल्या रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमातही त्यांचीच यंत्रणा होती. आता गिटारच्या स्पीकरसमोर एक माईक ठेवला की पुरे. लांबच्या श्रोत्यांची जबाबदारी ध्वनियंत्रणेवर.

माझ्या मते या इतिहासातला महत्त्वाचा दिवस हाच. कॉम्बोकडे असलेलं हॉल भरण्याचं काम त्या काळात त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. राहिलं ते वाजवणाऱ्याला आणि शेजारच्या तबलजीला ऐकू येण्याचं. काम गेलं, पण वजन राहिलं, आणि पुढची पन्नास वर्षं लोक ते जिन्यांवरून वाहत राहिले. कारण तोवर त्या वजनाला प्रतिष्ठा आली होती, आणि त्या ठरावीक यंत्रातून निघणाऱ्या ठरावीक आवाजाची कानांना सवय झाली होती.

वजन कमी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. व्हॉल्व्ह काढून ट्रान्झिस्टर घातला की काम झालं असं अनेकांना वाटतं. तसं असतं तर रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ सालचा उत्तम ट्रान्झिस्टर कॉम्बो २८ किलोंचा झाला नसता. आवाज शेवटपर्यंत ट्रान्सफॉर्मरमधून नेण्याची गरज संपली हे खरं, पण भिंतीतली वीज अजून पन्नास खेपांचीच होती. तो हंडा राहिला. स्पीकर दोन, त्यांची चुंबकं तशीच. भारतात सत्तर-ऐंशीच्या दशकांत गणपतीपुढे वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रांची खोकीही अशीच ट्रान्झिस्टरची असत, टू-एन-३०५५ या जाड्याभरड्या, न मरणाऱ्या ट्रान्झिस्टरवर गावातल्या कारागिरांनी बांधलेली. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागायची. आमच्या लहानपणी ती चार माणसं मिळत असत, हा फरक.

खरा फरक तीन गोष्टींनी केला, आणि त्या एकत्र यायला चाळीस वर्षं लागली.

पहिली गोष्ट वीजपुरवठ्याची. पन्नास आवर्तनांची वीज आधी सरळ करून घ्यायची, मग इलेक्ट्रॉनिक बटणाने ती सेकंदाला लाखभर वेळा तोडायची, आणि मग ट्रान्सफॉर्मरमधून न्यायची. लाख खेपा मिळाल्यावर हंड्याऐवजी चमचा पुरतो. माझी डॉक्टरेट याच प्रकारच्या विषयात असल्याने इथे मला बरंच लिहिता येईल. संपादकांवर दया करून लिहीत नाही. लॅपटॉपचा चार्जर खिशात मावतो तो याच कारणाने.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष आवाज मोठा करण्याची. नेहमीच्या अ‍ॅम्पमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा असतो आणि अडवलेली शक्ती उष्णता होऊन जाते. ती घालवायला अ‍ॅल्युमिनियमचे जाड पंखे लागतात. त्याऐवजी नळ पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असाच ठेवायचा, आणि किती वेळ उघडा यावर आवाज ठरवायचा, ही पद्धत 'क्लास डी' म्हणून ओळखली जाते. ती घरोघरी विकायचा पहिला धाडसी प्रयत्न ब्रिटिशच होता. झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकामुळे नाव झालेले क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ मध्ये 'एक्स-१०' नावाचा जोडणी-संच काढला. जाहिरातीत दहा वॅट होते, प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही पोचत नसे. कल्पना बरोबर होती, त्या काळचे ट्रान्झिस्टर तिला पुरेसे चपळ नव्हते. चपळ मॉसफेट यायला पुढची वीस वर्षं गेली.

तिसरी गोष्ट चुंबकाची. पूर्वीच्या अल्निको चुंबकात कोबाल्ट लागे, तो महाग. म्हणून साठच्या दशकात फेराइट आलं, ते स्वस्त पण बोजड. जपानमध्ये सुमितोमो कंपनीत मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी १९८३-८४ च्या सुमारास स्वतंत्रपणे निओडिमियमचं चुंबक तयार केलं. थोड्याशा तुकड्यात जबरदस्त ओढ. इप्सविचची सेलेस्टियन कंपनी आज बारा इंची गिटार स्पीकर निओडिमियममध्येही करते. तो त्यांच्या तशाच फेराइटवाल्या स्पीकरच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा आहे.

या तिन्हींचा मेळ कसा बसतो याचं ठळक उदाहरण म्हणजे २०१९ मध्ये फेंडरने काढलेला 'टोन मास्टर ट्विन रिव्हर्ब'. मूळ व्हॉल्व्हचा ट्विन सुमारे २९ किलोंचा. हा तसाच दिसणारा १५ किलोंचा. आत व्हॉल्व्ह नाहीत, त्यांच्या वागण्याचं गणित संगणकाच्या चिपवर चालतं. गंमत अशी, की मूळच्या ८५ वॅटची बरोबरी करायला याला २०० वॅटचा क्लास डी लागतो. व्हॉल्व्हवर ताण आला की तो सौम्यपणे, कानाला गोड वाटेल असा फाटतो. क्लास डी ताण सहन न झाल्यास कर्कश तुटतो, म्हणून त्याला आधीच मोकळी जागा ठेवावी लागते. वॅटचे आकडे एका जातीचे दुसऱ्या जातीशी ताडून पाहू नयेत ते यासाठी.

आता आपल्या हॉलचा हिशेब. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे 'किंचित मोठा'. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. थोडक्यात शंभर वॅटचा अ‍ॅम्प दहा वॅटच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो. याउलट स्पीकर एका वॅटमध्ये एका मीटरवर ९७ डेसिबल देणारा आहे की १०० देणारा, यानेही तोच तीनचा फरक पडतो, आणि त्यासाठी जास्त काही उचलावं लागत नाही. ९७ च्या स्पीकरला पंधरा वॅट दिले तर एका मीटरवर १०९ च्या आसपास भरतात. मोकळ्या मैदानातही दहा मीटरवर ८९ उरतात. बंद हॉलमध्ये अधिकच. आपल्याला हवा त्याहून तो पुष्कळ जास्त आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दलचे २००५ चे नियम करमणूक क्षेत्राला एप्रिल २००८ पासून लागू झाले आणि त्यांत दिवसभराच्या सरासरीची वरची पातळी ८५ डेसिबल आहे. अनेक कम्युनिटी हॉलमध्ये तर आवाज ठरावीक पातळीपुढे गेला की स्टेजची वीजच तोडणारं यंत्र बसवलेलं असतं. एका हॉलमध्ये आमच्या निवेदिकेचं "आणि आता सादर करीत आहोत" पूर्ण व्हायच्या आत अंधार झाला होता. त्या वेळी स्टेजवर एसी-३० होता.

शिवाय आपण वाजवतो काय? १९७३ च्या 'चुरा लिया है तुमने'ची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, ज्यांना आपण गायक म्हणून जास्त ओळखतो. ती स्टुडिओत, माईकजवळ, शांतपणे वाजवलेली गिटार आहे. आपल्या बहुतेक गाण्यांत गिटार गायकाच्या मागे असते. आपल्याला फाटलेला आवाज क्वचित लागतो, स्वच्छ आवाज नेहमी लागतो. व्हॉल्व्ह आणि क्लास डी यांतला भेद सर्वांत जास्त ऐकू येतो तो फाटलेल्या आवाजात, आणि स्वच्छ आवाजात तो सर्वांत कमी.

म्हणून माझा निवाडा असा. वजन बारा किलोंच्या आसपास, एका हाताने जिना चढता येईल इतकं. बारा इंची एकच स्पीकर. चाळीस-पन्नास वॅटचा ट्रान्झिस्टर किंवा क्लास डी. आणि मागच्या बाजूला मिक्सरकडे सरळ वायर नेण्याची सोय, ही सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यामुळेच लांबच्या रांगांची जबाबदारी हॉलच्या यंत्रणेवर जाते. बॉसचा पन्नास वॅटचा कटाना साडेअकरा किलोंच्या आसपास आहे आणि या वर्णनात बसतो. पाच किलोंचे बॅटरीवरचे छोटे कॉम्बोही मिळतात, रस्त्यावर वाजवणाऱ्यांपुढे ते दिसतात. पण लहान स्पीकरमधून गिटारची जाड तार, जिचा मूळ स्वर ८२ आवर्तनांचा आहे, ती केविलवाणी येते. ढोलकीशेजारी तर ती हरवतेच.

पहिल्या तटाचं एक म्हणणं मात्र मला खोडता आलं नाही. १९६२ चा एसी-३० आजही दुरुस्त होतो. आत सगळं डोळ्यांना दिसतं, हाताने डाग देता येतो, ईएल-८४ व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकियात बनतात. नव्या हलक्या अ‍ॅम्पमधली चिप दहा-पंधरा वर्षांनी गेली आणि कंपनीने ती बनवणं थांबवलेलं असलं, तर उघडून बघणाराही काही करू शकत नाही. मी आयुष्यभर सॉफ्टवेअर लिहीत आलो आहे. जुनं होणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. जे वजन आपण काढलं त्यात थोडं दीर्घायुष्यही गेलं. पण साठ वर्षं टिकणारं यंत्र आमच्या ज्येष्ठांना उचलता येत नसेल, तर त्या टिकण्याचा त्यांना उपयोग नाही, आणि आम्हाला त्यांची गिटार हवी आहे.

तेव्हा आमचा जुना एसी-३० एका सभासदाच्या गॅरेजमध्ये राहील, रेकॉर्डिंगला आणि हौसेला. त्याची मागची फळी मात्र कुणी उत्साहाने काढू नये; वायर काढून ठेवली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज बराच वेळ राहते. हॉलमध्ये हलका येईल. तो जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा आणि थोडा मागे कलता ठेवा. जमिनीवर ठेवलेला अ‍ॅम्प वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, मग तो आवाज वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या आज्जी कान झाकतात.